सांगलीतील रसायन उद्योग, विद्यापीठे आणि सरकार: करार होतात, पण काम नेमके कुठे अडते?

कुपवाडकर (धागाकर्ता)

आपल्या भागातील महाविद्यालये आणि कारखाने यांच्यात सामंजस्य करार झाल्याच्या बातम्या स्थानिक वर्तमानपत्रांत नियमितपणे येतात. त्या करारातून पुढे कोणता पदार्थ, कोणती प्रक्रिया किंवा निदान कोणता अहवाल तयार झाला, याची बातमी मात्र सहसा येत नाही. मी कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका लहान रसायन कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो आणि माझे शिक्षण शिवाजी विद्यापीठात झाले आहे, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार जवळून पाहिल्या आहेत. हे करार केवळ दिखाऊ असतात असे मला वाटत नाही. सही करणाऱ्यांपैकी बहुतेकांना काम खरोखरच हवे असते. परंतु ज्या टप्प्याचा करारात उल्लेखच नसतो, त्याच टप्प्यावर ते काम थांबते, असे माझे निरीक्षण आहे.

प्रयोगशाळेत काचेच्या फ्लास्कमध्ये पन्नास ग्रॅम पदार्थ चांगल्या शुद्धतेचा मिळाला की संशोधकाच्या दृष्टीने काम पूर्ण होते, कारण शोधनिबंधाला तेवढे पुरते. कारखान्याला तो पदार्थ पन्नास किलोच्या बॅचमध्ये, दर वेळी त्याच दर्जाचा आणि परवडणाऱ्या खर्चात हवा असतो. या दोहोंमध्ये केवळ आकाराचा फरक नाही. लहान फ्लास्कमधील उष्णता काचेतून सहज बाहेर पडते, पण दोन हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फारच कमी असल्यामुळे जे रसायन अर्ध्या तासात घालता येत होते ते सात-आठ तास हळूहळू घालावे लागते, आणि त्या वेळात नको असलेली उपउत्पादने तयार होतात. ढवळणे, गाळणे, द्रावक परत मिळवणे आणि सांडपाण्याची विल्हेवाट लावणे हे प्रश्न तर फ्लास्कमध्ये उद्भवतच नाहीत. या मधल्या टप्प्यासाठी महाविद्यालयाकडे यंत्रसामग्री नसते, लहान कारखान्याकडे मोकळा रिअॅक्टर आणि मोकळा माणूस नसतो, आणि दोन-तीन बॅचेस वाया गेल्या तर तो खर्च कोणी सोसायचा हे कुठेही लिहिलेले नसते.

जिथे सहकार्य जमले तिथे काय वेगळे होते, हे पाहू लागलो की दोन उदाहरणे हमखास समोर येतात. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला. हाच विभाग आपण यूडीसीटी म्हणून ओळखत होतो आणि २००८ पासून तो आयसीटी या नावाने अभिमत विद्यापीठ आहे. त्याच्या मागे मुंबईतील कापड गिरण्यांची स्पष्ट गरज होती, कारण त्यांना रंगाई आणि कापडप्रक्रिया समजणारी माणसे हवी होती. दुसरे उदाहरण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील झिओलाइट उत्प्रेरकांचे, म्हणजे अभिक्रियेला वेग देणाऱ्या सूक्ष्मछिद्री पदार्थांचे, आहे. त्याविषयी इथे माझ्यापेक्षा अधिक जाणणारे सदस्य आहेत, म्हणून मी विस्तार करत नाही.

प्रश्न असा आहे की आपल्याकडे कापड गिरण्यांसारखा धनिक आणि एकगठ्ठा ग्राहक नाही. आपल्याकडे सहकारी साखर कारखाने आहेत, हळदीची पेठ आहे, तासगावचा बेदाणा आहे आणि कुपवाड, मिरज व तासवडे येथील लहान-मध्यम कारखाने आहेत. अशा ठिकाणी उद्योग, विद्यापीठ आणि सरकार यांचे सहकार्य कोणत्या प्रश्नावर आणि कोणत्या आकारात शक्य आहे? अनुभव असलेल्यांनी कृपया तपशिलाने लिहावे.

पाषाण रोड

कुपवाडकर साहेब, आपण उल्लेख केला आहे म्हणून लिहितो. माझी नोकरीची बरीच वर्षे पुण्यातील संशोधन क्षेत्रात गेली.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले आणि तिचे पहिले भारतीय संचालक प्रा. के. वेंकटरामन हे १९५७ मध्ये यूडीसीटीमधूनच तिथे गेले. रंगद्रव्यांच्या उद्योगाशी त्यांचा जुना संबंध होता, त्यामुळे विद्यापीठ आणि कारखाना यांच्यातील ये-जा त्यांना नवी नव्हती. एन्सिलाइट या उत्प्रेरकाची गोष्ट १९८० च्या दशकातील आहे. प्रयोगशाळेने झिओलाइट विकसित केले, एसीसी कंपनीने तो उत्प्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची जबाबदारी घेतली आणि बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीने तो आपल्या चालू झायलीन प्रकल्पात वापरला. या तिघांपैकी सर्वांत कठीण निर्णय तिसऱ्याचा होता असे मी मानतो. चालू प्रकल्पातील परदेशी उत्प्रेरक काढून देशी उत्प्रेरक भरणे म्हणजे तो फसला तर उत्पादन बंद पडणे, आणि ती जोखीम आयपीसीएलने घेतली. आयपीसीएल सरकारी कंपनी होती ही बाब इथे महत्त्वाची आहे. सरकार या व्यवहारात अनुदान देणारे तर होतेच, पण माल विकत घेणारेही होते.

औषधांच्या बाबतीत सरकारने वेगळ्या मार्गाने मदत केली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले आणि केवळ प्रक्रियेला संरक्षण दिले. त्यामुळे तोच रेणू नव्या मार्गाने तयार करण्याच्या संशोधनाला एकाएकी बाजारमूल्य आले. रसायनशास्त्रज्ञ डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी आधी पुण्यात आणि नंतर हैदराबादच्या प्रयोगशाळेत सिप्ला या औषध कंपनीसाठी केलेले काम, विशेषतः एड्सवरील झिडोव्ह्यूडिन या औषधाची प्रक्रिया, त्याच वातावरणात उभे राहिले. त्या काळात एक कायदा शंभर सामंजस्य करारांपेक्षा अधिक परिणामकारक ठरला, असे मी जबाबदारीने म्हणेन.

आता ती परिस्थिती नाही. १९९१ नंतर उत्प्रेरक सहज आयात करता येऊ लागले आणि २००५ पासून औषधाच्या रेणूवरही पेटंट मिळते. म्हणून जुन्या यशोगाथा वाचून तोच साचा सांगलीत उतरवता येणार नाही.

गाळपहंगाम

मी वाळवा तालुक्यात एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. साखर उद्योगात सहकारी संशोधनाची पद्धत जुनी आहे, तिची इथे दखल घ्यायला हवी. पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली कारखान्यांनी स्वतः उभी केली आणि आजही ती मुख्यतः कारखान्यांच्याच पैशावर, म्हणजे अखेर ऊस उत्पादकाच्या पैशावर चालते. देशात इतक्या लहान भागधारकांनी मिळून चालवलेली संशोधन संस्था दुसरी असेल तर मला पाहायला आवडेल. ऊसाचे वाण, ऊस व्यवस्थापन आणि कारखान्याची कार्यक्षमता यांत तिचे काम उत्तम आहे. रसायनशास्त्राच्या अंगाने पाहिले तर चित्र थोडे वेगळे दिसते.

उदाहरण म्हणून स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचे सांडपाणी, घ्या. मळीपासून एक लिटर अल्कोहोल तयार करताना साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. तो इतका तीव्र असतो की त्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी (सांडपाण्यातील प्रदूषणाचे एक माप) एक लाख मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने एकही थेंब बाहेर जाऊ नये असा आग्रह धरल्यावर कारखान्यांनी तो आटवून बॉयलरमध्ये जाळण्याची व्यवस्था केली. उसाने जमिनीतून उचललेले पालाश त्या राखेत येते. आपला देश पालाश खत जवळपास सर्व आयात करतो, आणि इथे ते राखेच्या ढिगात पडून होते.

भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने स्पेंटवॉशमधून पालाश वेगळे काढण्याची प्रक्रिया विकसित केली आणि पुणे जिल्ह्यातील एका डिस्टिलरीत ती प्रत्यक्ष उभी राहिली. राखेतून मिळणाऱ्या पालाशाला खत नियंत्रण आदेशात किमान १४.५ टक्के पालाश या प्रमाणासह स्थान मिळाले, केंद्राने त्यावर पोषणद्रव्य आधारित अनुदान लागू केले आणि जानेवारी २०२४ मध्ये कारखान्यांनी खत कंपन्यांना ते विकण्यासाठी टनाला ४,२६३ रुपये असा परस्पर मान्य दर ठरला. तंत्रज्ञान पूर्वीपासून माहीत होते. खताच्या यादीत नाव आल्यावर आणि दर ठरल्यावर ते हलले. सरकारचे काम कोणते, हे मला या उदाहरणातून सर्वांत स्पष्ट दिसते.

सरकारचीच दुसरी बाजूही सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आले आणि ते पुढच्या ऑगस्टमध्ये उठले. ज्यांनी कर्ज काढून क्षमता वाढवली होती त्यांचा एक हंगाम हातचा गेला. संशोधनाला पाच वर्षांचा पल्ला लागतो, आणि धोरण जर आठ महिन्यांत दोनदा फिरणार असेल तर संचालक मंडळासमोर नव्या रसायनाचा प्रस्ताव कोणत्या तोंडाने मांडायचा?

अध्यापिका मिरज

वरील सर्व प्रतिसाद वाचले. महाविद्यालयाच्या बाजूने काही गोष्टी स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते, कारण अशा चर्चांत प्राध्यापकांना उद्योगात रस नसतो असा निष्कर्ष फार लवकर काढला जातो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील संशोधन गुणांचा तक्ता पाहावा. विज्ञान विषयात एका शोधनिबंधाला मूळ आठ गुण मिळतात, आणि नियतकालिकाचा प्रभावांक (त्यातील निबंधांचा इतरांनी सरासरी किती संदर्भ घेतला याचा आकडा) दोन ते पाच यांच्या दरम्यान असेल तर ते वीसपर्यंत जातात. भारतीय पेटंटला सात गुण आहेत. उद्योगासाठी केलेल्या सल्लाकार्याला तीन गुण आहेत. मी माझ्या विद्यार्थ्यांसह एखाद्या कारखान्याची वर्षभराची अडचण सोडवली, तर पदोन्नतीच्या फाइलमध्ये त्याचे मोल एका साधारण शोधनिबंधाच्या निम्म्यापेक्षाही कमी भरते. हा तक्ता ठरवताना त्यामागे काही विचार असेलही, पण प्रयोगशाळेतील वेळ कुठे खर्च करावा हे तो ठरवून टाकतो, हे नाकारता येत नाही.

दुसरी अडचण गोपनीयतेची आहे. पीएच.डी. प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे, कारण सार्वजनिक पैशातून झालेले काम सर्वांना दिसले पाहिजे. पण कारखानदाराने दिलेल्या प्रश्नावर विद्यार्थी काम करत असेल, तर त्या कारखान्याची प्रक्रिया सविस्तर तपशिलासह जगासमोर जाते. उद्योजकाने हे आधीच विचारले तर आमच्यापैकी अनेकांकडे तयार उत्तर नसते, आणि तिथेच बोलणे संपते.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. गाळपहंगाम सरांच्या कारखान्यात नोव्हेंबर ते मार्च या काळात प्रयोग करता येतो, तेव्हा आमच्याकडे सत्र परीक्षा, प्रात्यक्षिके आणि नॅक या मूल्यांकन संस्थेच्या भेटीची तयारी चालू असते. विद्यार्थी मे महिन्यात मोकळे होतात तेव्हा कारखान्यात दुरुस्तीची कामे सुरू झालेली असतात. विनोदाने सांगत नाही, एका चांगल्या प्रकल्पाचे आम्ही केवळ याच कारणामुळे दोन वर्षे फक्त संदर्भसाहित्याचे सर्वेक्षण केले.

ताळेबंद

व्यवसायाने सनदी लेखापाल आहे. रसायनशास्त्र मला कळत नाही, परंतु पैशाच्या बाजूने तीन बाबी नोंदवतो.

आयकर कायद्यानुसार कारखान्याच्या स्वतःच्या मान्यताप्राप्त संशोधन विभागावरील खर्चाची पूर्वी दुप्पट वजावट मिळत असे. ती २०१७ पासून दीडपट झाली आणि १ एप्रिल २०२० पासून केवळ प्रत्यक्ष खर्चाइतकी उरली. लहान कारखान्यांना या सवलतीचा फारसा लाभ कधीच नव्हता, कारण मान्यतेची प्रक्रियाच त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. मोठ्यांचा उत्साह मात्र त्यानंतर कमी झाला.

संशोधन अनुदानावर १८ टक्के जीएसटी लावण्याच्या नोटिसा काही नामांकित संस्थांना गेल्या होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने सरकारी संस्था तसेच आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित संशोधन संस्था, विद्यापीठे आणि महाविद्यालये यांना अनुदानातून होणाऱ्या संशोधनावर सूट देण्याचे ठरवले. आपले महाविद्यालय त्या कलमाखाली अधिसूचित आहे की नाही, हे करारापूर्वी तपासावे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) दोन टक्के निधीतून सार्वजनिक विद्यापीठांतील संशोधनाला पैसा देता येतो. पण ती सक्ती निव्वळ नफा पाच कोटी किंवा त्याहून अधिक असलेल्या, अथवा तशाच मोठ्या उलाढालीच्या किंवा नक्त मूल्याच्या कंपन्यांनाच आहे. कुपवाडमधील किती कंपन्या त्यात बसतील, याचा अंदाज धागाकर्ते देऊ शकतील.

कुपवाडकर

ताळेबंद साहेब, फार थोड्या. आणि ज्या बसतात त्या शाळेला संगणक देणे पसंत करतात, कारण त्याचा फलक लावता येतो.

अध्यापिका मॅडमनी दिलेला गुणांचा तपशील मला माहीत नव्हता, त्याबद्दल आभार. आपण म्हणता तसा दोष व्यक्तींचा नाही. पण मग माझा मूळ प्रश्न अधिकच टोकदार होतो. राष्ट्रीय पातळीवर २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचे उद्दिष्ट सांगितले गेले आणि त्यातील मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोपक्रमासाठी एक लाख कोटींच्या योजनेला मान्यता दिली. हे आकडे वाचून आनंद होतो. तथापि त्यातील एखादा कोटी तरी मिरजेच्या एखाद्या रिअॅक्टरपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचेल, हे मला दिसत नाही.

तासगाव बागायतदार

मी द्राक्ष आणि बेदाणा उत्पादक आहे, रसायनशास्त्राचा पदवीधर आहे, पण पदवीनंतर शेतीच केली. इथे उद्योग म्हणजे फक्त कारखाना असे गृहीत धरले गेले आहे, त्याला माझी हरकत आहे.

बेदाण्याची शेड हा रासायनिक उद्योगच आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो आणि तो आतील पाणी सहज बाहेर जाऊ देत नाही. म्हणून घड आम्ही पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवतो. त्या तेलातील मुख्य घटक इथाइल ओलिएट असतो. त्यामुळे मेणाच्या थराची रचना बदलते, पाण्याला वाट मिळते आणि महिनाभर लागणारे वाळवण साधारण दोन आठवड्यांत होते. ही पद्धत आपल्याकडे ऑस्ट्रेलियातून आली. सालीतील विकरांमुळे (एन्झाइममुळे) बेदाणा तपकिरी पडू नये म्हणून नंतर गंधकाची धुरी देतात. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले, पण ज्या तेलावर त्याचा दर्जा अवलंबून आहे ते तेल आम्ही दुकानदाराच्या शब्दावर घेतो. कॅनवर घटकांचे प्रमाण नीट लिहिलेले असेलच असे नाही. एखाद्या वर्षी तेलाला खवट वास येतो आणि तो वास मालाला लागला की सौद्यात किलोमागे दर पडतो.

सरकार, संशोधन संस्था आणि उत्पादक यांचे सहकार्य कसे असावे याचे एक उदाहरण द्राक्षातच आहे, आणि ते संकटातून आले. २०१० च्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले. आपल्या प्रयोगशाळा त्या रसायनाची तपासणीच करत नव्हत्या, कारण ते यादीत नव्हते. निर्यातदारांचे आणि बागायतदारांचे अतोनात नुकसान झाले. त्यानंतर मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, कृषी निर्यात पाहणारी सरकारी संस्था अपेडा आणि बागायतदार यांनी मिळून तपासणीची यादी वाढवली आणि फवारणीचे वेळापत्रक बदलले. आज कोणत्या प्लॉटमधील द्राक्षे कोणत्या पेटीत गेली हे ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदप्रणालीवर शोधता येते. या व्यवस्थेत छायाचित्राचा समारंभ झाला नाही. माल परत येण्याची भीती सर्वांना सारखीच होती, म्हणून सगळे एकत्र बसले.

पाषाण रोड

तासगावकरांचा मुद्दा मला या धाग्यातील सर्वांत मौलिक वाटतो. याच्याशी मिळतेजुळते जुने उदाहरण पेनिसिलिनचे आहे. १९४१ मध्ये पेनिसिलिनवर काम करणारे ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत गेले तेव्हा त्यांना पिओरिया येथील कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत पाठवण्यात आले. त्या प्रयोगशाळेचे मूळ काम मक्याच्या उपउत्पादनांना उपयोग शोधणे हे होते. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे भिजवणीचे पाणी त्यांनी बुरशीच्या माध्यमात घातले आणि पेनिसिलिनचे उत्पादन कित्येक पटींनी वाढले. पुढे फायझर, मर्क आणि स्क्विब यांनी मोठ्या टाक्यांतील किण्वन हाती घेतले, आणि सरकार हमखास ग्राहक होते. ऑक्सफर्डच्या विद्वत्तेइतकेच त्या टाकाऊ पाण्याचे श्रेय आहे. स्थानिक शेतमालाच्या टाकाऊ भागाशी ज्या प्रयोगशाळेचा रोजचा परिचय होता, तिच्याच हाती ते लागले.

कुपवाडकर

तासगाव बागायतदार साहेबांच्या प्रतिसादामुळे मला एक ठोस कल्पना सुचली आहे, ती मांडतो. जाणकारांनी तिच्यातील दोष दाखवावेत.

इथाइल ओलिएट म्हणजे ओलिक आम्ल आणि इथेनॉल यांचे एस्टर. अभिक्रिया पदवीच्या अभ्यासक्रमातील आहे. इथेनॉल वाळवा-कडेगाव पट्ट्यातील डिस्टिलऱ्यांत तयार होते, तेही पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी जवळपास निर्जल केलेले, आणि एस्टर तयार करताना पाणी जितके कमी तितके बरे असते. ओलिक आम्ल बाजारात मिळते. रिअॅक्टर आणि निर्वात ऊर्ध्वपातनाची सोय आमच्यासारख्या कारखान्यात असते. ग्राहक तीस किलोमीटरवर तासगावात आहे. मग हे तेल जिल्ह्यातच, घटकांच्या लेखी प्रमाणासह तयार का होऊ नये? यात नवे रसायनशास्त्र काहीच नाही, म्हणूनच सहकार्याची पद्धत बसवायला हा विषय मला सोयीचा वाटतो. नवा उत्प्रेरक शोधण्याची महत्त्वाकांक्षा नंतर धरता येईल.

हळदीचा विचारही माझ्या मनात होता. कसबे डिग्रजच्या केंद्रातून फुले स्वरूपासारखा वाण आला, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु अर्क काढण्याचा उद्योग प्रामुख्याने केरळात वाढला आणि आपण मुख्यतः हळकुंड व पूडच विकतो. त्यासाठी मोठे भांडवल आणि द्रावक हाताळण्याची वेगळी शिस्त लागते. सुरुवातीला तो विषय नको.

गाळपहंगाम

कल्पना चांगली आहे, पण दोन अडथळे आहेत. पहिला परवान्याचा. औद्योगिक अल्कोहोल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी, विकृतीकरण (ते पिता येऊ नये म्हणून त्यात दुसरे रसायन मिसळणे) आणि नोंदवह्या हे सारे लागते. औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांचा अधिकार आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिला आहे, त्यामुळे ही बाब दिल्लीकडे बोट दाखवून टाळता येणार नाही. मुंबईतूनच ती सुटू शकते. शिवाय तुमच्या संमतीपत्रात इथाइल ओलिएट उत्पादन म्हणून नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सुधारणा करून घ्यावी लागेल.

दुसरा अडथळा भावाचा. २०२४-२५ मध्ये सी-हेवी मळीच्या (जवळपास सगळी साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या मळीच्या) इथेनॉलला तेल कंपन्यांनी लिटरला ५७.९७ रुपये दिले. खरेदी निश्चित, टँकर दारात. तुमच्या महिन्याच्या दोन-चार ड्रमसाठी आमचे विक्री विभागप्रमुख वेगळी कागदपत्रे का करतील? हा प्रश्न कडवट वाटेल, पण संचालक मंडळात तोच विचारला जाईल.

तासगाव बागायतदार

सर, याला उत्तर आहे. तुमच्या कारखान्याचे निम्मे सभासद आमच्यासारखेच ऊस आणि द्राक्ष दोन्ही लावणारे आहेत. वार्षिक सभेत हा ठराव आम्हीच मांडू शकतो. सहकारी कारखान्याचा मालक आणि तेलाचा ग्राहक एकच माणूस आहे, हे खासगी कंपनीत घडणार नाही. मात्र आम्हाला तेल स्वस्त नको, खात्रीचे हवे. वाळवणाचे दिवस, रंग आणि वास या तीन गोष्टींत आजच्या तेलाइतकेच ते उतरले पाहिजे, आणि तशी चाचणी माझ्या शेडमध्ये चार-पाच रॅकवर करायला मी तयार आहे. ती फेब्रुवारी ते एप्रिल या काळातच होईल.

अध्यापिका मिरज

तेलातील इथाइल ओलिएटचे प्रमाण, मुक्त आम्ल आणि खवटपणा दर्शवणारा पेरॉक्साइड अंक यांचे मापन आमचे एम.एस्सी.चे विद्यार्थी करू शकतात. आम्लांक आणि पेरॉक्साइड अंक साध्या अनुमापनाने निघतात. गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्यासाठी, नमुने कोल्हापूरला विद्यापीठाच्या सामायिक उपकरण केंद्रात पाठवता येतील, बाहेरच्या वापरकर्त्यांसाठी तिथे दर ठरलेले असतात. जानेवारीत प्रकल्प सुरू केला तर मूल्यमापनापूर्वी निदान बाजारातील आठ-दहा तेलांची तुलना पूर्ण होईल. कारखान्यात काहीही तयार करण्याआधी ही तुलना झाली पाहिजे, असा माझा आग्रह आहे. बाजारातील तेलच चांगले निघाले, तर कुपवाडकर सरांचा रिअॅक्टर आणि गाळपहंगाम सरांची कागदपत्रे दोन्ही वाचतील.

या कामात आणखी एक तरतूद उपयोगी पडेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस या पदासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यानुसार औपचारिक पात्रता नसलेल्या अनुभवी व्यक्तीला ठरावीक काळासाठी नेमता येते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले मुख्य केमिस्ट आपल्या भागात कितीतरी आहेत. पण ही पदे भरण्याबाबत संस्थाचालक उदासीन दिसतात.

कुपवाडकर

मॅडम, तुलना आधी हे पूर्णपणे मान्य. नमुन्यांच्या तपासणीचा खर्च आमचा कारखाना देईल, एवढे व्यवस्थापनाकडून मी मिळवू शकतो. पुढे बॅच घेण्याची वेळ आली तर पहिल्या तीन बॅचेसचा कच्चा माल आमचा, चाचणीची द्राक्षे तासगावकरांची आणि बॅच फसली तर कोणीही कोणाकडे भरपाई मागायची नाही, असे मी लेखी सुचवतो. करारात हे एक कलम असले तरी माझ्या दृष्टीने तो करार उपयोगाचा आहे. प्रश्न उरतो शोधगंगेचा. हा एम.एस्सी.चा प्रकल्प असल्याने तूर्त अडचण नाही, पण पुढे यातून कोणी पीएच.डी.ला बसले आणि पायसकारकाचे (तेल आणि पाणी एकजीव ठेवणाऱ्या पदार्थाचे) काही नवे मिश्रण हाती लागले तर काय करायचे?

ताळेबंद

त्यासाठी पेटंट कायद्यातच वाट आहे. प्रबंध सादर करण्यापूर्वी तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज दाखल करावा. त्या दिवसापासून संपूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिने मिळतात, आणि दाखल केल्यानंतर प्रबंध प्रसिद्ध झाला तरी अर्जात सांगितलेल्या भागाचे नावीन्य जात नाही. शैक्षणिक संस्थांना २०२१ च्या सुधारणेनुसार शुल्कात ८० टक्के सवलत आहे, मात्र कारखाना सहअर्जदार असेल तर सवलत कशी लागू होईल हे पेटंट एजंटकडून आधी विचारून घ्यावे. अर्जदार कोण आणि परवान्याच्या रकमेची वाटणी कशी, ही दोन कलमे भरपाईच्या कलमाशेजारीच लिहून ठेवा. मसुदा तयार झाला की इथेच टाका, मी वाचून देईन.

अध्यापिका मिरज

मसुदा मी पुढील आठवड्यात टाकते. तासगावकर सर, तोपर्यंत आपल्या भागातील दुकानांतून वेगवेगळ्या तेलांचे अर्धा-अर्धा लिटर सीलबंद नमुने मिळवता येतील का? प्रत्येक नमुन्यावर खरेदीची तारीख आणि बॅच क्रमांक लिहिलेला असावा, आणि ते शेडमध्ये उन्हात न ठेवता घरात ठेवावेत.